होडी कोणाच्या नावावर?

१२ जून २०२५
बाबा गेल्यानंतरचा वारस दाखला आज हाती आला. अर्ज जानेवारीत केला होता. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, मग तारखा. दाखल्यावर चार नावं आहेत: आई, दादा, ताई आणि मी. बँकेतल्या ठेवीसाठी जे सक्सेशन सर्टिफिकेट मागतात ते होडीला चालत नाही, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ते येणी आणि रोख्यांपुरतं असतं. होडी, मोटर, जाळी ही जंगम मालमत्ता. तिचा वारस कोण, हे ठरवून घ्यायला आपल्याकडे १८२७ सालचा मुंबईचा आठवा विनियम अजून लागू आहे. दाखला त्याखालीच मिळाला.

आता खरं काम. १ जूनपासून मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावरच राहणार. कागद करायला याहून बरा काळ नाही.

१५ जून
शाळा उद्या सुरू होईल, म्हणून आजच बाबांची पत्र्याची पेटी उघडली. नोंदणीचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्यावर सुतळी, वर आणखी एक पिशवी. बाबांनी कागद जपले, पण जुने काढून नवे घातले नाहीत. फायबरच्या होडीचं प्रमाणपत्र आहे, परवाना आहे, मच्छीमार संस्थेचं पासबुक आहे. लाकडी होडीचा एकही कागद नाही. मोटरी दोन. पावती एकाच मोटरची, आणि तीही विकत घेतलेल्या वर्षाची शाई उडालेली.

आई शेजारी बसून एकेक कागद हातात घेऊन परत ठेवत होती. तिला वाचता येतं, पण ती कागद वाचत नव्हती, ओळखत होती. हा बँकेचा, हा वादळाचा, हा त्या साहेबांचा.

२१ जून
मोटरींचे नंबर घ्यायला मेकॅनिकला घरी बोलावलं. होडीच्या पाठीमागच्या फळीला मोटर ज्या पकडीने आवळतात, त्या पकडीवर नंबरची पट्टी असते. पट्टीवर मिठाचा पांढरा थर चढलेला. लिंबू, जुना टूथब्रश, मग गोडं पाणी. नंतर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. आरटीओत गाडीच्या चासीचा नंबर असाच उठवतात. आकडे एकेक करून वर आले आणि प्रमाणपत्रातल्या आकड्यांशी जुळले. दादा खूश.

मेकॅनिक मात्र मान हलवत होता. त्याने वरचं झाकण काढलं आणि ब्लॉकवर बोट ठेवलं. काही मोटरींच्या ब्लॉकमध्ये एक गोल धातूची टिकली ठोकून बसवलेली असते, तिच्यावरही नंबर कोरलेला असतो. इथला नंबर वेगळा निघाला. म्हणजे पकड जुन्या मोटरची आणि डोकं नव्या मोटरचं. खारं पाणी ॲल्युमिनियम खातं, पकड तुटते, लोक जुनी पकड नव्या मोटरला लावतात. बाबांनीही तेच केलं. मासेमाराच्या घरात ही दुरुस्ती आहे, लबाडी नाही. पण कागदावर आता आठ हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि होडीला साडेनऊच्या वरची लावलेली आहे.

"जुळताहा नंबर, तर सोड गो," दादा म्हणाला. मी सोडणार नाही. ही मोटर उद्या चोरीला गेली तर फिर्यादीत कुठला नंबर लिहायचा? अपघात झाला, विमेवाल्याने झाकण उघडलं, तर आपलं काय म्हणणं राहील? पट्टीवरचा आकडा जुळतो म्हणून मोटर आपली ठरत नाही.

२४ जून
मत्स्य कार्यालयात अर्धा दिवस. मासेमारी नौकेची नोंदणी १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्याखाली होते, आणि आता अर्ज रिअलक्राफ्ट नावाच्या केंद्राच्या संगणक प्रणालीवर भरायचा. होडी आणि मोटर एकाच प्रमाणपत्रात, पण रकाने वेगळे. मालक बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बाकीच्या वारसांचं संमतिपत्र, नौकेचा फोटो. मोटर बदलली असेल तर तिची पावती आणि वेगळा अर्ज. खिडकीवरच्या बाई समजून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि त्याच्यावरच सगळं अडलं: "नवीन मालक कोण?"

२८ जून
रात्री घरात तोच विषय. वाडीतल्या काकांनी संध्याकाळी जेटीवरच सांगून टाकलं होतं, "चेडवा, होडी झिलाचीच आसता. तू कागद कित्याक वाढवतंस?" त्यांच्या मनात वाईट काही नाही. सगळीकडे असंच चालत आलंय. बाप गेला की होडी मुलाची, आणि बहिणी कागदावर सही करून सासरी.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. पहिल्या वर्गातल्या वारसांत विधवा, मुलगा, मुलगी सगळे सारख्या हिश्श्याचे. होडीलाही तोच नियम. हे मी दादाला समजावलं नाही, त्याला ठाऊक आहे. मी वेगळं बोलले. पहिली मोटर घेताना आईच्या पाटल्या गहाण पडल्या. बाबा मासळी आणायचे, ती टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायची. पैसा तिच्या हातून घरात यायचा. ती त्या होडीत कधी बसली नाही, पण होडी तिने चालवली. आणि आज बाबांनंतर ती एका हक्कसोड पत्रावर सही करून बाहेर पडणार? मला ते मान्य नाही. मालक म्हणून आईचं नाव लागू दे, दादाला चालवू दे.

ताईने फोनवर लगेच हो म्हटलं. आईच घाबरली. "माज्या नावान होडी चलतली काय गो?" चलतली, म्हटलं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आयेच्या नावावर कर. माका अडचण नाय." मला वाटतं त्याला थोडं लागलं. उन्हातान्हात राबणारा तोच आहे, हेही खरं.

५ जुलै
संस्थेच्या कार्यालयातून एक जुनी गोष्ट वर आली. मोटरसाठी घेतलेलं कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली, पण बोजाची नोंद उतरवलेली नव्हती. हप्ते भरल्याच्या पावत्या पेटीत होत्या, म्हणून वाचलो. सचिवांनी खातेवही काढली, बेबाकीचा दाखला लिहून दिला. कर्ज फेडणं आणि कर्ज फिटल्याची नोंद होणं यात बाबांसारख्या माणसाला फरक वाटत नसे. आणि त्याच खातेवहीत साडेनऊच्या वरच्या त्या मोटरचा खरेदीचा तपशील सापडला, ब्लॉकवरच्या नंबरासकट. नक्कल शिक्क्यासह मागून घेतली.

१२ जुलै
आता लाकडी होडी. उलांडीची, लहान, शाकारून ठेवलेली. फळ्यांच्या फटीतला कापूस सुटलाय. बांधणारा सुतार केव्हाच वारला, त्यामुळे बांधणीचा दाखला मिळणं शक्य नाही. नोंदणी कधी झालीच नाही. कागदाच्या दृष्टीने ही होडी नाहीच.

पण आईने ज्याला "वादळाचा" म्हटलं होतं तो कागद मी आज नीट वाचला. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ. त्यानंतर नुकसानीचा पंचनामा झाला होता. त्यात लिहिलंय: मालकाचं नाव, लाकडी होडी, लांबी, रुंदी, उलांडी मोडलेली, नाळेकडच्या फळ्या फुटलेल्या. खाली पंचांच्या सह्या. तेव्हा नोंदणी नसल्यामुळे मदत मिळाली नाही, आणि बाबांनी तरीही पंचनामा जपून ठेवला. आज तोच सरकारी हाताने लिहिलेला एकमेव कागद आहे ज्यात ही होडी बाबांची आहे असं म्हटलंय. मला रडू आलं, हे लिहून ठेवते.

प्रतिज्ञापत्र, संस्थेचं पत्र आणि हा पंचनामा एकत्र जोडला.

१९ जुलै
दादाचा विचार आहे, फायबरच्या होडीतून पर्यटकांना फिरवावं. कर्ली खाडीत तेच चालतं. पण मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी घेता येत नाहीत. त्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडे वेगळी नोंदणी, तपासणी, किती माणसं बसवायची त्याची मर्यादा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट. यंदा नाही, असं ठरलं. वाद झाला, पण मिटला.

२५ जुलै
पाहणीला अधिकारी आले. टेप लावून लाकडी होडीची लांबी, रुंदी, खोली मोजली. आकडे मीटरमध्ये, पंचनाम्यातले फुटांत. त्यांनी तिथेच हिशोब करून बघितला आणि जुळल्यावर टिपण घेतलं. मोटरचं झाकण दादानेच उघडून दिलं, ब्लॉकवरची टिकली स्वतः दाखवली. मी काही बोलले नाही.

६ ऑगस्ट
प्रमाणपत्र आलं. मालकाच्या रकान्यात आईचं पूर्ण नाव, आणि इंजिनाच्या रकान्यात ब्लॉकवरचा खरा नंबर. लाकडी होडीची नोंदणी बिगरयांत्रिक म्हणून व्हायची आहे, अजून एक सही बाकी. जुनी आठची मोटर भंगारात द्यायची नाही, सुटे भाग म्हणून ठेवायची, पण तिचा नंबर संस्थेच्या वहीत "वापरात नाही" असा लिहून घ्यायला हवा. संस्थेत आईचं सभासदत्वही करायचं आहे, डिझेल-रॉकेलचे व्यवहार त्यावरच चालतात. आणि वारसदार म्हणून नामनिर्देशन यावेळी आत्ताच भरायचं. आई म्हणाली, तिघांचीही नावं घाल.

पलीकडच्या वाडीतली एक वयनी दुपारी येऊन गेली. तिचा नवरा दोन वर्षांमागे गेला, होडी दीर वापरतो, कागद कुठे आहेत ते तिला माहीत नाही. शनिवारी शाळा सुटली की तिच्याकडे जायचं आहे. वादळाचा पंचनामा घरात कुठे असेल तर आधी तो शोधून ठेव, असं सांगितलंय.