सिॲटलच्या धक्क्यावर माकूळ

अमेरिकेहून परतलेली मंडळी नायगाराचे फोटो दाखवतात. आम्ही मात्र माकुळाची शाई उडालेला स्वेटर घेऊन आलो, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे!

सिॲटल हे शहर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन नावाच्या राज्यात आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन ते दुसरेच, पार दुसऱ्या टोकाला.) पॅसिफिक महासागराचा एक फाटा इथे डोंगरांमधून खोल आत शिरला आहे. त्याला प्यूजेट साउंड म्हणतात. आपल्या कोकणच्या खाडीचीच मोठी बहीण म्हणा ना! संगणकाच्या धंद्यापायी पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात राहतात. आमची भाचीही त्यांतलीच. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि पावसाची झिमझिम काही थांबत नाही. अशा रात्री शहाण्या माणसाने घरात शेगडीपाशी बसावे. पण तिथली हौशी मंडळी नेमक्या याच रात्रींची वाट पाहत असतात.

कारण या माकुळांचे पंचांग ठरलेले आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ते हुआन दे फुका सामुद्रधुनीत असतात. मग हळूहळू आत सरकत नोव्हेंबरअखेर सिॲटलला पोचतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी दक्षिणेकडच्या टोकापर्यंत जातात. म्हणजे आपल्याकडे आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकले, की तिकडे बादल्या निघतात.

महिना साधला तरी रात्र साधावी लागते. माकूळ दिव्याकडे ओढला जातो. खरे म्हणजे दिव्याभोवती जमणाऱ्या बारीक जीवांकडे. पण हा पठ्ठ्या उजेडात येत नाही. उजेड जिथे संपतो त्या सावलीच्या कडेला दबा धरून बसतो. म्हणून गळ दिव्याच्या ऐन झोतात टाकणारा हात हलवत घरी जातो. पौर्णिमेला सगळाच समुद्र उजळतो, मग दिव्याला कोण विचारतो? अवसेची रात्र त्याहून बरी. भरती मात्र हवीच. पाणी चढू लागल्यापासून भरती पुरी होऊन पाणी फिरेपर्यंतचे दोन-तीन तास खरे कामाचे. दिवसभर मुसळधार पाऊस झाला असेल तर जाऊ नये. नद्यांचे गोडे, गढूळ पाणी माकुळाला मानवत नाही. झिमझिम चालते. वारा चालत नाही, कारण दोरी हलते आणि माकुळाचा स्पर्श कळत नाही.

आणि सगळी करामत त्या स्पर्शात आहे. आमिष नसतेच. बोटभर लांबीचा, अंधारात चमकणारा 'जिग' असतो. त्याच्या बुडाशी वर वळलेल्या टाचण्यांचे कडे. एका दोरीला असे फार तर चार. चमक मंदावली की टॉर्च दाखवून पुन्हा ताजी करायची. तो तळाशी सोडून हलकेच वरखाली करत राहायचे. हिसका बसत नाही. दोरी फक्त जराशी जड होते, कुणी ओला रुमाल अडकवावा तशी. त्याच क्षणी एका लयीत ओढायचे. दोरी सैल पडली की माकूळ निसटला, कारण टाचण्यांना उलटे दात नसतात.

हे आम्हाला समजावले ते सीक्रेस्टच्या धक्क्यावर एका कंबोडियन आजींनी, आणि तेही एक शब्द न बोलता. त्यांनी आमचे मनगट धरले आणि हलवून दाखवले. पलीकडे व्हिएतनामी, कोरियन, फिलिपिनो कुटुंबे. मुलांच्या अंगावर रेनकोट, थर्मासमध्ये चहा, आणि पाण्यापलीकडे शहराच्या मनोऱ्यांचे दिवे. पहिला माकूळ वर आला, तपकिरीचा पांढरा झाला आणि त्याने आमच्यावर नेम धरला. आजी हसल्या. त्या हसण्याला दुभाष्या लागला नाही.

पंधरा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो. माणशी रोज दहा पौंड किंवा पाच क्वार्ट एवढाच माल, आणि प्रत्येकाची बादली वेगळी. आम्हाला प्रथम ही कुरकुर वाटली. मग कळले, की या वीतभर प्राण्याचे आयुष्य वर्षाचेही नाही. अंडी घातली की तो मरतो. पुढल्या वर्षीचा सगळा माल या वर्षीच्या अंड्यांवर. मागची शिल्लक अशी नाहीच.

रत्नागिरी-मालवणकडचे वाचक इथे मान हलवतील. माकूळ आपल्याकडेही आहे, दिवेही आहेत. पण ते धक्क्यावरच्या आजीचे नव्हेत, मोठ्या नौकांवरचे झगझगीत एलईडी. 2017 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अशा मासेमारीला बंदी केली. तरी रापणकार आणि छोटे होडीवाले अजून तक्रार करतातच, आणि ती खोटी आहे असे किनाऱ्यावर चार दिवस राहिलेला माणूस म्हणणार नाही.

आमची बादली अर्धीच भरली. भाचीने रात्री अकराला माकूळ साफ केले, आतली काचेसारखी पात काढून टाकली, चकत्या केल्या आणि लसूण, तिखट, कोकमाचे आगळ लावून कढईत टाकले. दोन मिनिटे, बस्स. तिसऱ्या मिनिटाला त्याचे रबर होते. मग मात्र पाऊण तास शिजवण्यावाचून गत्यंतर नाही.