पाणी तोडायचे दिवस

दत्तजयंतीच्या सुमाराला कर्जतमध्ये पहाटे शाल लागते आणि अकरा वाजता तीच शाल डोक्याला गुंडाळून माणूस सावली शोधतो. एवढीच आमची थंडी. बर्फाच्या मुलखात हिवाळा आपणहून झाडांना झोपवतो. इथल्या झाडाला थांबायचं कळतच नाही. पाणी मिळालं तर ते पौषातही पानं काढत बसतं. त्याला थांबवायचं तर तहानेनंच. म्हणून कर्जत-खालापूरकडच्या बागेतलं थंडीचं मोठं काम म्हणजे हात आवरणं, आणि हौशी माणसाला नेमकं तेच जमत नाही.

मोगऱ्याचं बघा. मार्गशीर्षात त्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडू लागतात, अर्धी गळतात. मग शेंडे छाटायचे, उरलेली पानं खुडायची, आणि बुंध्याभोवतीची माती खुरप्यानं अलगद उकरून वरची केसासारखी मुळं चार दिवस उन्हाला उघडी टाकायची. बोटांना माती लागते ती वर कोरडी भुरभुरीत, वीतभर खाली मात्र अजून थंडगार. ते झालं की शेणखत, माती ओढून घेणं, आणि मग पाणी. फाल्गुनाकडे नव्या फुटीवर कळ्या दिसतात. मधले दिवस मात्र झाड पार खराटा. इथल्या फार्महाऊसवर काम करणारे एक काका सांगत होते, ‘‘शेठ शनिवारी मुंबईहून येतात, काड्या बघतात नि नळी हातात घेतात. राहू द्या शेठ म्हटलं, तर त्यांना वाटतं आम्हाला कामाचा कंटाळा.’’

आंब्याचीही हीच तऱ्हा. जून झालेल्या फांदीला रात्रीचा गारवा आणि मुळाशी कोरड मिळाली की मोहोर येतो. पण हापूस लावलेला असतो नेमका हिरवळीच्या मधोमध, आणि हिरवळीला रोज फवारा. मग भर थंडीत तांबूस पालवी फुटते. मालक खूश होऊन फोटो काढतात, माळी मात्र कैऱ्यांवर पाणी सोडतो. वाटाण्याएवढं फळ धरल्यावर खुशाल पाणी द्यावं, पण तेव्हा परीक्षांचे दिवस असतात आणि शेठ येतच नाहीत.

खरं तर नदीकाठाला इथे थंडीत पाण्याचा तोटा नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी 1915 साली खोपोलीला आणि 1922 साली भिवपुरीला वीजकेंद्रं सुरू केली. एरवी भीमेच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी घाटमाथ्यावर अडलं. आता ते नळांतून कोसळतं, यंत्रं फिरवतं आणि पाताळगंगेत नि पेज नदीत सुटतं. राजनाल्याच्या कालव्यावर त्याच पाण्यानं उन्हाळी भात होतं. सह्याद्रीच्या पायथ्याला नदी बारमाही वाहते ती विजेच्या कृपेनं, हे मला अजून थोडं अजबच वाटतं.

कालव्यापासून दूरच्या खाचरांत मात्र वाल. भात कापून झालं की जमिनीतल्या उरल्या ओलीवरच कडवे वाल पेरतात. वर दव, खाली ओल, बास. त्यांना नळी लागत नाही की शेठ लागत नाहीत. पुढे ऐनाच्या फांद्या तोडून पुढच्या पावसाळ्यातल्या रोपांसाठी राबाची तयारी सुरू होते. कातकरी वाड्यांतली कित्येक घरं तोवर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून गेलेली असतात. बागकामाला माणूस मिळत नाही अशी तक्रार फार्महाऊसवाले करतात ती याच दिवसांत.

शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. बटाटे, अंडी किंवा कोंबडी ज्याच्या त्याच्या खुशीप्रमाणे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेंगांच्या अंगचा ओलावा तेवढा पुरतो. हल्ली मुंबईचे पाहुणेही पोपटीला येतात, बोटं चाटत कृती लिहून घेतात, आणि पहिला प्रश्न हमखास विचारतात : यात पाणी किती घालायचं?