माजघरातला गारवा

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणी अजून जुन्या घरात नांदत असाल. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, मध्ये माजघर. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे माजघराला खिडकी नाहीच. आमचं संगमनेरचं घर तसंच. पूर्वी वर पांढऱ्या मातीचं धाबं होतं नि त्यात उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेलं भोक, म्हणजे साणं. बाहेर प्रवरेची वाळू तापलेली असायची, पण माजघराच्या फरशीवर नुसतं आडवं झालं की डोळा लागायचा. पुढे धाबं गळायला लागलं म्हणून आम्ही स्लॅब टाकला. साणं बुजलं. कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. वय 86. ओटीवर धूळ नि वर्दळ, म्हणून खाट माजघरात घातली. एप्रिल लागला आणि स्लॅब काय असतो ते कळलं! दिवसभर तापायचा नि रात्री अकरापर्यंत ती धग खाली सोडत राहायचा. डॉक्टरांनी बजावलं, या वयात तहान कळत नाही, घामही कमी येतो, उकाडा जिवावर बेतू शकतो.

आधी कुलर आणला. तो हवेत पाणी मिसळून गारवा देतो. बाहेरची कोरडी हवा आत यायला नि ओली हवा बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत तिसऱ्या दिवशी गाद्या दमट झाल्या. मग चिरंजीव पुण्याहून चाकांचा एसी घेऊन आले. दुकानदार म्हणे, ‘खिडकी नसली तरी चालतो.’ त्याची गरम हवेची जाड नळी कुठे सोडायची? सोडली माझ्या स्वयंपाकघरात! सासूबाईंना गार वारा आणि पोळ्या लाटणाऱ्या मला भट्टी. दुसऱ्याच दिवशी तो परत पाठवला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या फ्रीजच्या मागे हात लावून पाहा, गरम लागतो ना? आतली उष्णता तो तिथे टाकत असतो. म्हणून फ्रीजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार होत नाही. एसीचंही तेच. तो थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून दुसरीकडे नेतो. तेव्हा विकत घेताना ‘गार किती करतो’ हे नंतर विचारा, आधी ‘गरम कुठे टाकणार’ ते ठरवा. आम्ही दोन भागांचा एक टनी घेतला. (टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे हो! एक टन बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ते यंत्र दिवसभरात बाहेर काढतं.) बाहेरचा भाग गच्चीवर सावलीत बसवला. गॅसच्या तांब्याच्या नळ्या वर चढवता येतात, पाण्याची नळी मात्र उताराचीच लागते. ती भिंतीतून मोरीत काढली.

खोली छान गार झाली. दारं लावून घेतली, म्हटलं सुटले. तिसऱ्या रात्री सासूबाई म्हणाल्या, “अगं, मला पुरल्यासारखं वाटतंय.”

खरं सांगते, मला रागच आला. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि हे! पण दार लावून अर्धा तास त्यांच्याजवळ बसले नि माझंही डोकं जड झालं. हा एसी ताजी हवा आणतच नाही, खोलीतलीच पुन्हा पुन्हा फिरवतो. खिडकीच्या खोलीत फटीफटींतून थोडी येते; इथे चारी बाजू बंद. मग गवंड्याला बोलावून, सळई कुठे आहे ते पाहून, स्लॅबला चार इंची भोक पाडलं. पाइप, आत छोटा पंखा, वर पावसासाठी टोपी. ओटीकडच्या दाराखाली दोन बोटं फट ठेवली, तिथून नवी हवा येते. थोडा गारवा वाया जातो, जाऊ दे. एसी 26 वर नि वरचा पंखा हळू, एवढं त्यांना पुरतं. गवंडी गेल्यावर हे वर बघत म्हणाले, “साणंच झालं की गं पुन्हा.”

एवढं करूनही सकाळी सहाला त्या काठी आपटतातच. स्वयंपाकघराकडचं दार सताड उघडं हवं. मी वीजबिलाचं सांगून पाहिलं. “बिल माझ्या पेन्शनीतून भर,” म्हणाल्या, “पण घर ऐकू येऊ दे.” आता एसी सकाळी बंद होतो तो दुपारी बारापर्यंत. मी वरण लावून परसात कपडे वाळत घालते, तोवर आतून हाक येते, “सूनबाई, तीन झाल्या, गॅस बंद कर.”