एका गावाला दोन तलाठी

आमचे घर चिऱ्याचे. माजघरातल्या राउटरचे वायफाय पडवीत येईना. गाय दिवसांत आलेली, गोठ्यात कॅमेरा लावलेला. म्हणून एक्स्टेंडर आणला. फोनवर खूण भरलेली दिसे, पण कॅमेरा सापडेना. सौ. म्हणाली, "अहो, गावाला सल्ले देता, आणि हे?"

दोन रात्रींनी उमगले. दोन्ही यंत्रांचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि दोघेही फोनला पत्ते वाटत होती! १९२.१६८ चे पत्ते १९९६ च्या जागतिक नियमाने खासगी जाळ्यांसाठी राखलेले, म्हणून घरोघरी तेच. एक्स्टेंडरला १९२.१६८.१.२ दिला, त्याचे पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद केले. कॅमेऱ्याचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला. फोनचे वायफाय मात्र एकदा बंद-चालू करावे लागते. जुना पत्ता तो सोडत नाही.

त्याच पहाटे गाय अडली. पडवीतून दिसले, तसा धावलो.