वाद्याचा कान

वाद्य घेताना आपण त्याचे रूप पाहतो, लाकूड पाहतो, चार सूर वाजवून आवाज ऐकतो. पण काही वाद्यांना कानही असतो, आणि तो कान बरा नसेल तर बाकीचा सगळा थाट फुकट जातो, हे सहसा कोणी सांगत नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारला असा कान असतो. त्याला पिकअप म्हणतात. हा कान बदलायचा का, आणि बदलायचा तर कोणता निवडायचा, या एका प्रश्नावर तंजावूरच्या एका मराठी घरात तीन महिने चर्चा चालली.

तंजावूरला मराठी घर, हे ऐकून काहींना नवल वाटेल. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचा वंश नांदला. राजांबरोबर आणि राजांमागून गेलेली कितीतरी कुटुंबे तिकडचीच झाली. दाराबाहेर तमिळ आणि दाराआत जुन्या वळणाची मराठी, असा त्यांचा संसार आजही चालू आहे. या घरातही तसेच. आजीची वीणा भिंतीशी टेकवलेली, आणि तिच्याशेजारी नातवाची काळी, टोकदार शिंगांची गिटार.

नातू नुकता नोकरीला लागला होता. त्याला नाद ‘मेटल’ संगीताचा. हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत. पण त्यामागची गोष्ट त्याने आजीला सांगितली तेव्हा ती गप्प राहून ऐकत राहिली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९६५ साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके तुटली, आणि तीही तारा दाबणाऱ्या हाताची. पोराने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून बोटांना लावल्या, पातळ तारा चढवल्या आणि पुढे त्या ढिल्याही केल्या. ढिल्या तारांचा तो खोल, जड आवाज म्हणजेच मेटलचा पाया ठरला. “म्हणजे दुखण्यातून निघालेला सूर आहे हा,” आजी म्हणाली. त्या दिवसापासून तिचा विरोध निम्मा मावळला.

नातवाची अडचण वेगळी होती. त्याची गिटार गुणगुणत असे. तो वाजवत नसला तरी अँप्लिफायरमधून एकसारखी घरघर येई. आवाज वाढवला की कर्कश शिट्टी वाजे. जलद वाजवताना खालचे सूर चिखलासारखे एकमेकांत मिसळत. त्याने पगारातून पैसे बाजूला टाकले आणि परदेशी बनावटीचे दोन पिकअप मागवायचे ठरवले. नेमक्या त्याच दिवसांत आजीच्या वीणेचे मेण तडकले.

तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. तिच्या दांडीवर पितळेचे चोवीस पडदे असतात, आणि ते खिळ्यांनी नव्हे तर काळसर मेणाच्या दोन कडांवर बसवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने मेण जुने होते, पडदे हलतात, सूर चळतात. मग जाणता कारागीर बोलावून ते सगळे मेण काढावे लागते, नवे घालावे लागते आणि एकेक पडदा कानाने सुरात लावत बसवावा लागतो. हे काम स्वस्त नसते. आजी काही बोलली नाही. तिने वीणेवर कापड घातले, एवढेच. पण कापड घातलेले वाद्य घरात फार बोलते. नातवाकडची शिल्लक एकच होती आणि वाद्ये दोन.

त्याने पिकअपचे माहितीपत्रक आजीला वाचून दाखवले, तेव्हा तिने वैद्याने विचारावे तसे विचारले, “ते सगळं खरं. पण तुझ्या वाद्याला दुखतं कुठं, ते सांग.”

हा प्रश्न मोठा मोलाचा होता, कारण पिकअप बदलणारी बहुतेक मुले तिथेच चुकतात. आवडत्या वादकाने जो लावला, तोच आपल्यालाही हवा असे त्यांना वाटते. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डने ‘ईएमजी’चे पिकअप वापरले म्हणून जगभरच्या लाखो पोरांना तेच हवे असतात. पण दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांना लागतोच असे नाही.

आधी हा कान काम कसे करतो ते पाहू. पिकअप म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात हालचाल होते आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९३१ च्या सुमारास, अमेरिकेत पहिली विजेची गिटार तयार झाली. क्षीण वीज अँप्लिफायरमध्ये जाते आणि तिथे ती कैक पटींनी वाढते.

गंमत अशी की, या वेढ्यांना तारेची थरथर जशी ऐकू येते तशीच घरातल्या विजेची गुणगुणही ऐकू येते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, सगळे त्या कानाशी कुजबुजत असतात. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली उपाय काढला. त्यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली, त्यांचे वेढे आणि चुंबकाची टोके एकमेकांच्या उलट केली. परिणामी बाहेरची गुणगुण एकमेकींना मारून टाकते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट जोराने येतो. या जोडपिकअपला हंबकर म्हणतात. मेटलमध्ये आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवायचा असतो, त्यामुळे बारीकशी घरघरही राक्षसी होते. म्हणून तिथे हंबकर जवळजवळ अटळच.

नातवाच्या गिटारला हंबकर होतेच. मग घरघर का? त्याने मागचे झाकण उघडले. आत एक सुटलेली अर्थिंगची तार लोंबत होती. ती त्याने डाग देऊन पक्की केली, पोकळीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला आणि जुनी केबल बदलली. निम्म्याहून अधिक गुणगुण गेली. खर्च हॉटेलातल्या एका जेवणाएवढा. (अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नये. ती पिन आवाजासाठी नसून जिवासाठी आहे. घरात गिटार असेल तर आईवडिलांनी एवढे तरी पाहावेच.)

मग चिखलाचे दुखणे. सूर खाली उतरवायचे आणि तारा मात्र नेहमीच्या पातळ ठेवायच्या, तर त्या लोंबणारच. त्याने जाड तारांचा संच चढवला. पिकअप तारांच्या फार जवळ होता, तो दोन स्क्रू फिरवून थोडा खाली केला. चुंबक अति जवळ असला की तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. आवाज आणखी मोकळा झाला.

मध्येच एका रविवारी त्याने गमतीने जुना, सुटा पिकअप अँप्लिफायरला जोडून आजीच्या वीणेवर धरला. वरच्या दोन तारा खणखणीत बोलल्या. खालच्या दोन मात्र मुक्या! नातू चक्रावला. आजीने तारेवर नख फिरवले आणि हसून म्हणाली, “अरे, या पोलादाच्या नाहीत.” खरेच होते. मंद्राच्या तारा पितळी, आणि पितळेला चुंबक विचारत नाही. म्हणून वीणावादक मैफलीत असला पिकअप न वापरता लाकडाची थरथर टिपणारा छोटा माइक वाद्याला चिकटवतात.

त्या दोन मुक्या तारांनी जे शिकवले, ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. कान आपल्या जातीचेच ऐकतो. तो नवा सूर निर्माण करत नाही. समोर आहे त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, एवढेच ठरवतो.

आता उरली शिट्टी आणि बोथटपणा. इथे मात्र दोष पिकअपचाच होता. स्वस्त पिकअपमधले वेढे सैल असतात. मोठ्या आवाजाने ते स्वतःच थरथरू लागतात आणि किंचाळतात. चांगले पिकअप त्यासाठी वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. एडी व्हॅन हॅलेनने सत्तरच्या दशकात आपला पिकअप स्वतः मेणात बुडवला होता, ही गोष्ट गिटारवाल्यांत प्रसिद्ध आहे. नातवाने ती सांगताच आजी म्हणाली, “मेणच का? मग माझ्याच कारागिराला दे!”

निवडीचे प्रश्न आता मोजकेच राहिले. चुंबक कोणता? अल्निकोचा आवाज ऊबदार आणि गोलसर, सिरॅमिकचा कडक आणि नेमका. जलद, तोडून वाजवायच्या खालच्या सुरांना सिरॅमिक बरा. बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह की साधा पॅसिव्ह? ॲक्टिव्हमध्ये खळबळ कमी आणि आवाज एकसारखा. पण त्याला नऊ व्होल्टची बॅटरी ठेवायला जागा हवी, आवाजाची बटणे वेगळ्या मूल्याची हवीत, आणि केबल खोचून विसरलो तर बॅटरी संपते. या गिटारच्या पोटात तेवढी जागा नव्हती आणि लाकूड कोरायची त्याची तयारी नव्हती. दुकानदार ओहमचे आकडे पुढे करतात, आणि मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज असे गिऱ्हाइकाला वाटते. पण तो आकडा केवळ तारेचा विद्युतरोध सांगतो. चुंबकाची ताकद त्यात येत नाही आणि तारेची जाडी त्यावरून कळत नाही.

शेवटचा प्रश्न, एक की दोन? मेटलची जड लय घोडीजवळच्या पिकअपवरच वाजते. तिथे तार ताठ असते, आवाज धारदार येतो. दुसरा, दांडीजवळचा पिकअप त्याच्या मऊ, गायकी तानांना आहे तसाच छान होता. दुखत नव्हते ते कापायचे कशाला? त्याने एकच मागवला, घोडीचा, सिरॅमिक चुंबकाचा, पॅसिव्ह हंबकर. दुसऱ्याचे पैसे वाचले आणि ते वीणेच्या मेणाला गेले.

तंजावूरच्या मातीला परकी वाद्ये आपलीशी करण्याची सवय जुनीच आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात इथे युरोपीय वाद्ये वाजू लागली. याच शहरातल्या चार प्रसिद्ध बंधूंपैकी वडिवेलू व्हायोलिनमध्ये निपुण होते आणि त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले. आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची मैफल सुनी वाटते. पुढे यू. श्रीनिवास यांनी विजेचे मँडोलिन घेतले, जोडतारांऐवजी पाच सुट्या तारा लावल्या आणि त्यातून गमक काढले. यांपैकी कोणीही वाद्य आहे तसे घेतले नाही, आणि ओळखू येणार नाही इतके बदललेही नाही. आपल्या संगीताला कुठे अडते तेवढे पाहिले आणि नेमके तेवढेच बदलले.

नवा पिकअप बसला तेव्हा शिट्टी थांबली, सूर सुटे झाले. आणि एक नवीच पंचाईत उभी राहिली. पूर्वी चिखलात लपून जाणाऱ्या नातवाच्या चुका आता स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. तळहात वेळेवर न टेकल्याने राहून जाणारी एखादी तार, अर्धवट दाबलेला सूर, घाईत सुटलेली लय, सगळे उघडे पडले. तो आता रोज सावकाश तालात सराव करतो. चांगल्या कानाचे हेच असते. वाजवणाऱ्याचे कौतुक करण्याआधी तो त्याला खरे काय ते सांगतो, आणि त्यानंतरचे काम बोटांचे असते.