तात्पर्याची वही

महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं २८ वर्षें गेलीं. इतकीं वर्षें ज्यानें व्याख्यानें झोडलीं, त्यास चौथीच्या वर्गाची भीति वाटण्याचें कारण नाहीं, असें वाचक म्हणतील. आम्हांसही तसेंच वाटत होतें. बिऱ्हाडानजीकच्या एका प्राथमिक शाळेंतील बाई दीर्घ रजेवर गेल्या, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेंत मुलांस कांहीं वाचून दाखवाल काय, अशी मुख्याध्यापकांनीं विचारणा केली, तेव्हां आम्हीं मोठ्या ऐटींत होकार दिला.

पहिल्या शनिवारीं एका वेंधळ्या कोल्ह्याची गोष्ट वाचली. मुलें हंसलीं, बांकांवरून पुढें सरकलीं. फार काय, खिडकीशीं बसून रस्त्यावरच्या रिक्षा मोजणारा एक मुलगा होता, त्यानेंही मान वळविली. गोष्ट संपली, आणि २८ वर्षांच्या संवयीनें आमच्या तोंडून प्रश्न गेला, "बरें, या गोष्टीचें तात्पर्य काय?"

कोणीं दिवा मालवावा तसा वर्ग झाला. कांहीं वेळानें पुढच्या बांकावरील एक मुलगी उठली आणि अत्यंत नम्रपणें म्हणाली, "सर, तुम्ही फळ्यावर लिहून द्या. आम्ही पाठ करतों."

तिचें कांहींच चुकलें नव्हतें. आमचे पदवीच्या वर्गांतील विद्यार्थीही हेंच मागत आले आहेत; ते 'तात्पर्य' न म्हणतां 'नोट्स' म्हणतात, एवढाच फरक.

घरीं परततांना मनाला टोंचत होतें तें मात्र निराळेंच. मागल्या वर्षीं घराला रंग देतांना माळ्यावरून एक वही खालीं आली होती. मुलगा आठ वर्षांचा असतांना ती आम्हींच त्याला आणून दिली होती. पुस्तकाचें नांव, लेखक, सारांश, पांच नवे शब्द आणि तात्पर्य, असे रकाने स्वतः पट्टी घेऊन आंखले होते. केवढा तो उत्साह! वहींत १४ पुस्तकांच्या नोंदी होत्या. पंधराव्याचें नुसतें नांव होतें आणि पुढचीं सारीं पानें कोरीं. तो आज अभियंता आहे, सुखांत आहे, आणि पुस्तक म्हणून हातीं धरीत नाहीं. वही चाळून तो हंसला. "बाबा," तो म्हणाला, "यांतलं एकही पुस्तक मला आठवत नाहीं. रकाने मात्र आठवतात." त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती, असती तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

पुढल्या शनिवारपासून आम्हीं प्रश्न विचारणें सोडलें. यांत आमची स्वतंत्र प्रज्ञा कांहीं नाहीं. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या आणि १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेका यांनीं, गोष्ट प्रथम आनंदासाठीं सांगावी, हें कधींच सांगून ठेवलें आहे. डानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानें, आणि तो स्वतः शाळामास्तर होता, १९९२ सालच्या आपल्या पुस्तकांत वाचकाचे १० हक्क मोजले. पानें गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यावर टाकण्याचा आणि वाचून झाल्यावर गप्प बसण्याचा हक्क त्यांतच येतो. हें पुस्तक आमच्या कपाटांत कैक वर्षें आहे. त्यावर आम्हीं एकदां व्याख्यानही दिलें होतें!

शाळेंत पुस्तकें नव्हतीं असें नाहीं. लोखंडी कपाट भरून होतीं, आणि कपाटाला कुलूप होतें. २०१५ पासून महाराष्ट्रांत डॉ. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. त्या दिवशीं कपाट उघडे, मुलें पुस्तकें धरून ओळींत बसत, छायाचित्र निघे, आणि पुस्तकें मोजून पुन्हां आंत जात. मुख्याध्यापकांस दोष देववत नाहीं. पुस्तक हरवलें तर तें भरून कोणीं द्यावयाचें, हा त्यांचा प्रश्न खरा होता. आम्ही भरून देऊं, असें लिहून दिल्यावर किल्ली मिळाली. वर्गांत दोन खिळे ठोकून सुतळी बांधली, आणि तीवर पुस्तकें धुण्यासारखीं वाळत घातलीं.

रिक्षा मोजणारा मुलगा तीन शनिवार एकच पुस्तक काढी. मालगाडीचीं चित्रें, आणि चित्राखालीं दोन-दोन ओळी. "आतां दुसरें घे," असें म्हणण्यास आमची जीभ कितीदां वळवळली! चौथ्या शनिवारीं तो शेजाऱ्याला तें वाचून दाखवीत होता. अवघड जोडाक्षर आलें कीं तो पदरचा शब्द घाली; 'यंत्रचालक' छापलें होतें तेथें बेलाशक 'डायवर' म्हणे. आमच्यांतला परीक्षक ताडकन् उठला; त्यास मोठ्या कष्टानें खालीं बसविलें. शुद्ध वाचनाचे तास आठवड्यांत निराळे आहेत, आणि ते हवेतच. अक्षर फुटल्यावांचून गोडी लागेल, असें मानण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. पण त्या तासाचें काम या तासानें करूं नये. शिवाय खरें सांगावयाचें तर, त्या गाडीवर डायवरच अधिक शोभत होता.

अलीकडे आम्ही एक लबाडी करतों. घंटा होण्याच्या सुमारास गोष्ट ऐन रंगांत येईल अशा बेतानें वाचतों, आणि घंटा होतांच थांबतों. मुलें ओरडतात, आम्हांस निर्दय ठरवितात. पुस्तक सुतळीवर लटकत राहतें. मधल्या सुट्टींत तें तेथें नसतें.

पुस्तकें घरीं नेण्याचीही आतां मुभा आहे. कोणी काय नेलें हें टिपण्यास वही हवी होती. मुलाला विचारून आम्हीं तीच जुनी वही घेतली. कोऱ्या पानांवर मुलें आपलें नांव आणि तारीख घालतात, दुसरें कांहीं नाहीं. गेल्या शनिवारीं ११ नांवें पडलीं. मालगाडीचें पुस्तक दोन आठवडे परत आलेलें नाहीं. तें कोठें आहे, हें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.