नववं गाणं

मुंबईच्या 'डेमॉनिक रिसरेक्शन' या बँडचा 'दशावतार' हा अल्बम मार्च २०१७मध्ये आला. तेव्हा बँड सतरा वर्षांचा झाला होता. ज्यांनी हे नाव कधी ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. हे मेटल संगीत आहे, आणि त्यातलंही टोकाचं. ड्रमर दोन पायांनी दोन पेडल अशा वेगानं मारतो की ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, एक सलग गडगडाट ऐकू येतो. गिटारींचा आवाज मुद्दाम खरवडून, फाडून काढलेला असतो. गायक बराच वेळ गातच नाही, गुरगुरतो. त्याला 'ग्राउल' म्हणतात. त्याचं तंत्र असतं, रियाज असतो. रियाज न करता कुणी तासभर तसं ओरडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही.

साहिल मखिजानं २०००मध्ये हा बँड सुरू केला. पहिल्यापासून आजपर्यंत टिकलेला तो एकटाच. बाकीचे वादक आले, काही वर्षं वाजवून गेले. त्यात नवल नाही. आपल्याकडे या संगीतावर कुणाचं घर चालत नाही. मखिजानं दुसऱ्या बँडचेही अल्बम काढावेत म्हणून रेकॉर्ड लेबल चालवलं, कार्यक्रम भरवले, आणि पुढे 'हेडबँगर्स किचन' हा स्वयंपाकाचा कार्यक्रम यूट्यूबवर केला. त्याला ओळखणाऱ्या कित्येकांना तो पनीर आणि चिकन करणारा माणूस म्हणूनच माहीत आहे. २०१०मध्ये 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाचा पुरस्कार बँडला मिळाला, युरोपातल्या महोत्सवांत वाजवणं झालं. पण अशा बँडसाठी नवा अल्बम म्हणजे पदरचे पैसे आणि उरलेला वेळ घालून केलेलं काम. कुणी मागितलेलं नसताना केलेलं.

'दशावतार'च्या आधी त्यांच्या गाण्यांत काय असायचं? अंधार, राक्षस, राक्षसांचा राजा. २००५च्या अल्बमचं नाव 'अ डार्कनेस डिसेंड्स', २०१०चा 'द रिटर्न टू डार्कनेस', २०१४चा 'द डेमन किंग'. सगळं कल्पित, कुठल्याही देशातलं असू शकेल असं.

मी हे सगळं घाटनांदूरला बसून ऐकलं. आमच्या गावाला रेल्वे स्टेशन आहे, अंबाजोगाईला नाही. त्यामुळे अंबाजोगाईला जाणारी माणसं आमच्याकडे उतरतात आणि पुढे निघून जातात. गाणीही तशीच यायची. पुण्याला शिकायला गेलेला कुणी सुट्टीत मेमरी कार्ड भरून आणायचा, त्यातलं आम्ही दोघं उतरवून घ्यायचो. दोघं म्हणजे मी आणि माझा अंबाजोगाईच्या कॉलेजातला मित्र. तो गावातल्या बौद्ध वस्तीतला. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. बँडला प्रत्यक्ष वाजवताना आम्ही कधीच पाहिलं नाही. मुंबईचं तिकीट, राहणं, कार्यक्रमाचं तिकीट हा हिशेब कधी जुळलाच नाही.

'दशावतार' आला तेव्हा मात्र चित्र बदललेलं होतं. आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं. मुंबईची पोरं ज्या आठवड्यात हा अल्बम ऐकत होती, त्याच आठवड्यात आम्हीही ऐकत होतो. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्य, कूर्म, वराह असं करत कल्कीपर्यंत. शब्द इंग्रजीच, पण मधेच कानाला ओळखीचं असं काहीतरी लागायचं.

माझे वडील, आबा, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एका दुपारी मी फोन लावून बसलो होतो, नरसिंहाचं गाणं चालू होतं.

"काय बोंबलायलाय रे त्यो?" आबा म्हणाले.

मी म्हटलं, "नरसिंह आहे आबा. हिरण्यकश्यपूची गोष्ट."

आबा खाली बसले. मांडीवर बोटांनी ठेका धरायचा त्यांनी प्रयत्न केला, सोडून दिला, पुन्हा धरला. मग म्हणाले, "खांब फुटला तवा आवाज असाच झाला असंल. कीर्तनात बुवा नुसतं सांगतेत, आवाज कुणी काढीत नाही." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वाजविणाऱ्याला धाप लागत नसंल का?"

माझ्या आवडीच्या संगीताबद्दल त्यांनी आपण होऊन काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. राक्षसांच्या राजाबद्दल त्यांना विचारायला काही नव्हतं. ती त्यांच्या ओळखीतली माणसंच नव्हती. नरसिंह ओळखीचा होता. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "नववा कोण घेतलाय?"

"बुद्ध."

"आपल्यात पांडुरंग असतोय," आबा म्हणाले आणि उठून गेले.

त्यांचं म्हणणं खरं होतं. महाराष्ट्रात दशावतारांच्या जुन्या चित्रांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल काढलेला सापडतो. पंचांगांवरच्या चित्रांतही तो तसा दिसतो. आबांनी अवताराची यादी अशीच पाहिलेली आहे. त्यांची तक्रार नव्हती, त्यांनी फक्त दुरुस्ती केली.

मित्राची मात्र तक्रार होती. त्याच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या त्या प्रतिज्ञांतली पाचवी, बुद्ध हा विष्णूचा अवतार होता हे आपण मानत नाही, अशा अर्थाची आहे. त्याच्या आजोबांनी तो धम्म घेतला तो गावातलं बरंच काही सोसून. आठवं गाणं संपलं आणि त्यानं कानातला इअरफोन काढला.

"राक्षसाची गाणी इतकी वर्षं ऐकली, तेव्हा माझं काही म्हणणं नव्हतं," तो म्हणाला. "हे माझ्या घरचं आहे. हे असं नाही चालायचं."

मी बँडची बाजू घेतली. म्हटलं, पुराणांत आणि पाठ्यपुस्तकांत जी यादी असते तीच त्यांनी घेतली, कुणाला कशात कोंबायचा त्यांचा हेतू नसणार. शिवाय गाण्याच्या नावातही त्यांनी बुद्धाला शिक्षकच म्हटलंय. तो म्हणाला, "शिक्षक म्हणाले ते बरोबरच आहे. पण मग यादीत कशाला बसवला?" त्यावर मला उत्तर नव्हतं, आजही नाही. यादी जुनी आहे हे त्याचं उत्तर होत नाही. जुनी आहे म्हणूनच तर ती नाकारावी लागली होती.

पुढचे काही महिने आम्ही एकत्र काही ऐकलं नाही. भांडण झालं नव्हतं, भेटणं-बोलणं चालू होतं. फक्त इअरफोन मधे येत नव्हता.

त्या काळात मी ब्राझीलच्या 'सेपुल्तुरा'बद्दल बराच विचार करत होतो. १९८४मध्ये सुरू झालेला हा बँडही आधी सैतान आणि मरण असल्या उसन्या विषयांवर ओरडायचा. १९९६च्या 'रूट्स'साठी ते शवांते या आदिवासींच्या वस्तीत गेले आणि त्यांच्याबरोबर बसून ध्वनिमुद्रण केलं. मुरलेल्या बँडच्या आयुष्यात हे वळण कुठेतरी येत असावं. दुसऱ्यांची भुतं गाऊन झाली की माणूस आपल्या आजीच्या गोष्टींकडे वळतो. ते वळण मला आवडतं. पण त्याची किंमत मला घाटनांदूरमध्ये कळली. परक्या सैतानाबद्दल काहीही गा, ऐकणारा मान हलवतो आणि सोडून देतो. घरची गोष्ट सांगायला घेतली की घरची माणसं जवळ येऊन बसतात, आणि विचारतात की आमची जागा कुठे धरलीस. आबांनी एका बाजूनं विचारलं, मित्रानं दुसऱ्या. दोघांनी बोट ठेवलं ते एकाच गाण्यावर.

मला वाटतं, सतरा वर्षं रेटून केलेल्या कामाला याहून मोठी पावती नाही. पुरस्कार देणाऱ्या मासिकानं वेग मोजला असेल, सफाई मोजली असेल. नवव्या जागेवर कोण, हा प्रश्न तिथे कुणाला पडायचं कारण नव्हतं. तो पडायला घाटनांदूरच लागतं. आणि प्रश्न पडला म्हणून अल्बम वाईट ठरत नाही. कल्कीचं गाणं माझ्या मित्राच्या फोनमध्ये आजही आहे. नऊ गाणी आहेत, नववं त्यानं काढून टाकलंय. त्याचा 'दशावतार' नऊ गाण्यांचा आहे, आबांच्या यादीत नववा पांडुरंग आहे, माझ्याकडे बँडनं दिला तसा अख्खा आहे. तिघंही तो अजून ऐकतो. आबा फक्त नरसिंह ऐकतात, तेही एकादशीचं भजन नसलेल्या संध्याकाळी.

२०२३मध्ये मखिजाचा 'द प्रोपगंडा मशीन' हा अल्बम आला. हा बँडचा नाही, 'डेमॉनस्टीलर' या नावानं त्यानं एकट्यानं काढलेला. विषय आजचा आहे, लोकांच्या डोक्यात खोटं भरणाऱ्या यंत्रणेचा. मला तो आल्याचं माहीतही नव्हतं. लिंक मित्रानं पाठवली आणि खाली दोनच ओळी लिहिल्या होत्या:

"सगळी ऐकली. संध्याकाळी स्टेशनवर ये, इअरफोन आण."